हुंकार कोणी द्यायचा

मला कोणी तपासलेलं आवडत नाही. शाळेत बाई वही मागायच्या तेव्हा मी ती पोटाशी धरून उभी राहायचे, आणि आता पन्नाशी जवळ आली तरी त्यात फारसा फरक पडलेला नाही. स्वयंपाकघरात कुणी मागे येऊन उभं राहिलं की माझ्या हातून मीठ जास्त पडतं. अशा बाईनं पोटापाण्यासाठी काम कोणतं निवडावं, तर जिथं महिन्यातून दोनदा स्वतःला दुसऱ्यापुढं मांडावं लागतं.

मी समुपदेशक आहे. हैदराबादला नारायणगुड्यातल्या एका गल्लीत, शाळेच्या गणवेशांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. बाहेर एक बाक, आत दोन खोल्या. माणसं येतात, दार लावून घेतात आणि घरी कुणाला सांगता येत नाही ते सांगतात. कुणी तेलुगूत बोलतं, कुणी इथल्या हिंदीत, जिच्यात हो म्हणायचं तर 'हौ' आणि नको म्हणायचं तर 'नक्को'. खोलीत जे ऐकलं ते बाहेर कुणापाशी बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तो बरोबरच आहे. पण बावीस वर्षं तो पाळला की आपल्या पोटात किती लोकांची घरं येऊन राहिलीत, हे आपल्यालाही कळेनासं होतं.

त्यासाठी सुपरव्हिजन असतं. आपल्यासारखंच काम केलेल्या एखाद्या जाणत्या माणसापुढं बसायचं, नावगाव वगळून आपलं काम मांडायचं. मग ते माणूस विचारतं, इथं तू गप्प का बसलीस, इथं तुला राग कशाचा आला, हे जे बोललीस ते कुणासाठी बोललीस. बाहेरच्यांना ही तपासणी वाटते. माझ्या आईलाही वाटायची. ती तरुणपणी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, त्यामुळं तिच्या लेखी सुपरवायझर म्हणजे छत्री धरून सावलीत उभा राहणारा मुकादम. मी संध्याकाळी घरी आले की ती विचारायची, आज मुकादम आलता का. हो म्हणलं की पुढं विचारायची, मग काय म्हणला, खडी बारीक फोडा म्हणला का. मी हसायचे. पण तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

माझ्या जुन्या सुपरवायझर सत्तरीच्या होत्या. त्यांचे गुडघे गेले, दोन जिने चढवेनात, आणि एका डिसेंबरात त्या मुलीकडं विशाखापट्टणमला कायमच्या राहायला गेल्या. केंद्राच्या समितीला त्यांच्या जागी दुसरं कुणी शोधायची घाई नव्हती. एवढ्या अनुभवी बाईला आता कशाला लागतं ते, असं बैठकीत म्हणाले. मी तोंडदेखलं म्हणाले की लागतं, सगळ्यांनाच लागतं. मनातून मात्र मला गुदगुल्या झाल्या होत्या.

त्याच थंडीत आई गेली. अकरा वर्षं ती माझ्याजवळ होती. मी लग्न केलं नाही, त्यामुळं घर म्हणजे आम्ही दोघीच. भाऊ पुण्याला असतो. रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, आणि मी जेवले म्हणाले की दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचत नाही. दिवसभर मी दोन भाषांत लोकांचं ऐकायचे आणि संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढलं की तिसरी भाषा, माझी स्वतःची, तशीच न वापरलेली राहायची. एकदा कुकरची शिट्टी झाली तर मी त्याला 'आले गं बाय' म्हणाले आणि मग ओट्याशी उभी राहून बराच वेळ रडले. कुणी बघितलं असतं तर मलाच समुपदेशनाला पाठवलं असतं.

या शहरात मराठी माणसं नाहीत असं नाही. पुण्या-मुंबईहून कंपन्यांत आलेली पुष्कळ आहेत, त्यांचे कार्यक्रम होतात, गणपती होतो. मी एकदा गेले होते. एका बाईंनी छान हसून नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांचा पुढचा प्रश्न यायला जरा वेळ लागला. तेवढा वेळ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी पोहे खाल्ले, पोहे चांगले होते, आणि पुन्हा गेले नाही.

हे जिच्याबद्दल आहे ती बाई केंद्रात पहिल्यांदा आली ती आई गेल्यानंतरच्या जूनमध्ये, एका गुरुवारी चार वाजता. बत्तीसेक वर्षांची असेल. माहेर परभणीकडचं, नवऱ्याबरोबर काचीगुड्याला राहायची, वरच्या मजल्यावर नणंदेचं घर. आबिड्सला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची, पण दोन महिन्यांपासून ते सुटलं होतं. बसमध्ये चढलं की छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण मरतो असं वाटायचं. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत आहे असं सांगून आमच्याकडं पाठवलेलं. तिनं हिंदीत सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडली. मी तिच्या कागदावरचं गाव वाचलं होतं. म्हणाले, मराठीत बोल.

"ताई, जीव घाबरा व्हायलाय वं," ती म्हणाली. "मला कुठंच करमंना गेलंय."

वाक्य तिच्या दुखण्याचं होतं आणि मला मात्र गावाकडच्या आमच्या दारातल्या बाया बोलायला लागल्यासारखं झालं. सहा महिन्यांत असं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी पेन उचललं आणि लिहायच्या ऐवजी ते नुसतं धरून बसले. तिसऱ्या वेळी निघताना तिनं आमच्यात करतात तसा नमस्कार केला. दारावरच्या पाटीवर माझं आडनाव होतं, ते तिनं वाचलं असणार. मी उलट नमस्कार केला, आणि त्या दिवशी घरी जाताना उगीचच एक स्टॉप आधी उतरून चालत गेले.

काम चांगलं झालं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आधी श्वास, मग एका स्टॉपपुरती बस, मग कोठीच्या चौकापर्यंत. दसऱ्याला तिनं गौलीगुड्याला एकटीनं बस बदलली आणि तिथून मला फोन केला, मागं कंडक्टर ओरडत होते. दिवाळीच्या आधी ती पुन्हा लॅबमध्ये रुजू झाली. या टप्प्यावर आमच्याकडं काय करायचं ते ठरलेलं असतं: आठवड्याचं पंधरा दिवसांवर न्यायचं, मग महिन्यावर, आणि मग एक दिवस म्हणायचं, आता तुझी तू जा. बावीस वर्षांत मी हे शेकड्यांनी लोकांना म्हणाले असेन. तिला म्हणाले नाही.

कारणं भरपूर होती. दुखणं उलटू शकतं. नोकरी नवी आहे. सासरचं एक बोलणं अजून पुरतं झालेलं नाही. फाइलमध्ये मी दर गुरुवारी इंग्रजीत 'आधार चालू आहे' अशा अर्थाचं काहीतरी लिहायचे. गुरुवारी मी इस्त्रीची साडी नेसायचे. चार वाजताची वेळ दुसऱ्या कुणी मागितली तर नाही म्हणायचे. पावणेचारपासून माझं लक्ष जिन्याकडं असायचं, आणि बऱ्याचदा मी खोलीच्या दारात जाऊन उभीच राहायचे.

जानेवारीत समितीला कुणीतरी जागं केलं आणि नवीन सुपरवायझर आल्या. त्या माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. तेलुगू मुलगी, पायात पळायचे बूट, पाठीवर सॅक, आणि पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणजे ताई म्हणायला लागलेली. माझा अहंकार कुठं दुखावला ते सांगायला नको. मी तिच्यापुढं नीटनेटकी कामं मांडायला लागले, ज्यांत माझं बरोबर आहे हे मला आधीच माहीत होतं. काचीगुड्याच्या या बाईचं काम मात्र वगळलं. ती मराठी केस आहे, म्हणाले, तुम्हाला भाषा येत नाही, सांगताना सगळं पातळ होईल. तिनं मान हलवली आणि तुम्हाला वाटेल तेव्हा आणा म्हणाली. मला वाटलं, चला, सुटले. पुढं कुणी विचारलं तर माझं कारण बिनतोड होतं, कारण केंद्रात दुसऱ्या कुणालाच मराठी येत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी या काचीगुड्याच्या बाईच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. तो पुढं गेला. तिच्या लॅबची तिथंही शाखा होती, तिला जागा मिळत होती. तिनं मला हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, मी नाही जायली ताई, मी अजून बरी कुठं झाले, आणि गुरुवारचं कसं होईल.

शिकाऊ मुलीलाही कळलं असतं की इथं थांबून विचारायला पाहिजे. मी म्हणाले, घाई करू नकोस. आणि मला आनंद झाला. हे लिहितानाही लाज वाटते, पण झाला तो आनंदच होता. त्या संध्याकाळी मी घरात पाहुणे असल्यासारखी पिशवीभर भाजी घेतली, एकटीला आठवडाभर पुरेल एवढी. आणि घरी येऊन कुणालाच सांगता येईना की आज मला एवढं बरं का वाटतंय, कारण खोलीतलं बाहेर बोलायचं नाही, आणि बोलायला घरात कुणी नव्हतंही.

असे चार महिने गेले. मे महिन्यात एका शनिवारी सकाळी तिचा नवरा केंद्रात आला. स्टेशनवरून थेट आला असावा, खांद्यावर बॅग होती आणि शर्टावर गाडीतल्या झोपेच्या घड्या. मी आधी त्याला पाहिलं नव्हतं. आपण कोण ते सांगून तो खुर्चीच्या कडेवर बसला. तिच्याबद्दल आतलं काही विचारायचं नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. पुण्यात त्यानं भाड्यानं घर घेतलंय, चार महिने डब्याचं खातोय, महिन्यातून एकदा इकडं येतो. दर वेळी ती म्हणते की ताईंनी अजून सोडलं नाही.

"एवढंच सांगा मॅडम," तो म्हणाला, "ती किती आजारी आहे? मला तर ती बरी दिसती. मग मला वाटतं, आपल्यालाच काही दिसत नसंल."

मी त्याला नियम सांगितला. तिच्या परवानगीशिवाय मला एक शब्दही बोलता येत नाही. त्यानं लगेच मान हलवली, बरोबर आहे म्हणाला, उलट मला विचारायला नको होतं असं म्हणून ओशाळला. पाणी प्यायला. मग उठता उठता म्हणाला की तो भांडायला आलेला नाही, तुमच्यामुळंच ती उभी राहिली, म्हणून तर ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. आणि बॅग उचलून गेला.

तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या नवऱ्यांची मला सवय आहे. त्या दिवशी मी आणखी तीन लोकांचं ऐकलं आणि एकाचंही मला आठवत नाही.

पुढच्या गुरुवारी मी तिला विचारून आमच्या बोलण्यातली दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड केली. तुमच्या सुपरवायझरला ऐकवायची का, तिनं विचारलं, आणि खुशाल ऐकवा म्हणाली. नवरा येऊन गेल्याचं मी तिला सांगितलं, तर तिनं फक्त हं म्हणलं. मग मी विषय बदलला. होय, मीच बदलला.

मंगळवारी सुपरवायझर आली. मी म्हणाले, माझी एक केस अडली आहे, पण मराठी आहे, आधी भाषांतर करून लिहून आणते. ती म्हणाली, नको, आहे तसं ऐकवा.

"तुमकू मराठी कहाँ आती?" मी विचारलं.

"नहीं आती. सुनाओ ना अक्का."

तिनं सॅकमधून एक कोरा कागद काढला आणि पेन्सिल घेतली. मी बटण दाबलं. एक आवाज बोलला की ती कागदावर वरच्या अंगाला रेघ ओढायची, दुसरा बोलला की खाली. आवाज जेवढा वेळ चालेल तेवढी रेघ लांब. मी बघत होते. पहिलं मिनिटभर मला गंमत वाटली. मग वरच्या रेघा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागल्या, आणि खाली नुसते ठिपके पडायला लागले. मोबाइलमधून माझाच आवाज येत होता. मी आंबाडीच्या भाजीबद्दल बोलत होते. इथं आंबाडी आंबटढाण करतात, आपल्याकडं तिच्यात ज्वारीच्या कण्या घालतात, आई वरून लसणाची फोडणी कशी द्यायची, तिला दात नव्हते तेव्हा मी ती घोटून कशी वाढायचे. दहा मिनिटांत मी अख्खी भाजी शिजवून, वाढून, भांडी घासून मोकळी झाले होते.

रेकॉर्डिंग संपलं. तिनं पेन्सिलीचं टोक वरच्या रेघेवर ठेवलं आणि हा मोठा आवाज तुमचा ना, असं विचारलं. मी हौ म्हणाले. मग टोक खाली ठिपक्यांवर आणलं.

"और ये हं हं कौन कर रहे?"

"क्लायंट."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "अक्का, हं हं करना तो अपना काम है ना?"

मी भडकले. असं काही ऐकून घेताना भडकायचं नसतं हे मला माहीत आहे, मी स्वतः दुसऱ्यांना तसं शिकवते. तरी भडकले. तुम्हाला भाषा कळत नाही, आमची माणसं कळत नाहीत, आमच्याकडं जेवणाखाणाचं बोलल्याशिवाय कुणी मनातलं बोलत नाही, पुस्तकातल्या गोष्टी मला शिकवू नका, असं बरंच बोलले. तिनं मधे तोंड घातलं नाही. माझं झाल्यावर तिनं कागद बाजूला सरकवला.

"गुरुवार कू चार बजे किसकू अच्छा लगता, अक्का?"

मी म्हणाले, "मेरेकू." आणि मग जसं रडू आलं तसं आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. ती बसून राहिली. पाणी आणायला धावली नाही की खांद्यावर हात ठेवला नाही. आमच्या कामात ही फार अवघड गोष्ट असते, आणि ती तिला येत होती. रडणं ओसरल्यावर मी तिला सगळं सांगितलं: दिवाळी, इस्त्रीची साडी, पिशवीभर भाजी, शर्टावरच्या घड्या. दिवाळीपासून सात महिने मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

डॉक्टरचं चुकलं तर रिपोर्ट सांगतो. शिंप्याचं चुकलं तर कापड सांगतं. आमच्या बंद खोलीत काय झालं ते फक्त आम्ही सांगतो, आणि आम्ही आमच्या सोयीचं सांगतो. मी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त जे दाखवायचं नव्हतं ते भाषेच्या आड ठेवलं होतं. आणि ते जिनं पाहिलं तिला त्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. शब्द कळले असते तर कदाचित तीही माझ्याबरोबर आंबाडीत रमली असती.

त्या दिवशी ती दीड तास थांबली. पुढं काय करायचं ते आम्ही दोघींनी ठरवलं. काचीगुड्याच्या त्या बाईला स्पष्ट सांगायचं की तू बरी आहेस. उशीर मी केला हे एका वाक्यात कबूल करायचं. माफी मात्र मागत बसायची नाही, कारण मी रडले तर मला समजावायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडेल. बाकीचं रडणं इकडं आणायचं, सुपरव्हिजनला, नाहीतर स्वतःसाठी दुसरा समुपदेशक बघायचा. मी विचारलं, मला या कामावरून काढायला पाहिजे असं वाटत नाही का तुम्हाला. ती बूट घालत होती.

"अकेलापन गुनाह नहीं है अक्का," ती म्हणाली. "पर वो संभालना उनका काम नहीं है."

दोन दिवसांनी गुरुवार आला. मी मुद्दाम दारात गेले नाही, खुर्चीवर बसून राहिले. ती आली, दारात जरा घुटमळली, मग आत येऊन बसली. लॅबमधून आली होती, बोटाला कापसाचा बोळा चिकटवलेला होता. तिनं काही बोलायच्या आधी मी पाठ केलेलं बोलून टाकलं. म्हणाले, तू बरी झाली आहेस, आज नाही, दिवाळीलाच झालीस. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मला उशीर झाला आणि ती चूक माझी आहे.

ती चिडेल याची मी तयारी केली होती. रडेल याचीही केली होती. ती बोटावरचा कापूस काढत राहिली.

"मला माहितंय ताई," ती म्हणाली.

"कधीपासून?"

संक्रांतीपासून, ती म्हणाली. एक दिवस बसमध्ये खिडकीपाशी बसली होती आणि ध्यानात आलं की महिना झाला, आपल्याला काहीच झालं नाही.

 नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मी विचारलं, मग तू पुण्याला का गेली नाहीस.

तिनं तो कापूस मुठीत चुरगाळला. या वेळी मी मधे पडले नाही, हं सुद्धा म्हणाले नाही.

"तुम्ही वाट बघता ना," ती म्हणाली. "मी जिना चढायच्या आधीच दारात उभ्या असता. आई गेली म्हणलात, भाऊ लांब. म्हणलं, मी गेल्यावर ताई बोलतील कुणाशी? पण असं घरी कसं सांगावं? हसतील सगळे. मग बरी नाही म्हणून सांगितलं."

एवढे दिवस मला वाटत होतं की मी तिला अडकवून ठेवलंय. ते खरं होतंच. पण त्याहून वाईट हे होतं की ती अडकलेली नव्हती, ती काम करत होती. संक्रांतीपासून दर गुरुवारी ती दोन जिने चढून माझं ऐकून घ्यायला येत होती, त्यासाठी घरी खोटं बोलत होती, नवऱ्याला डब्यावर ठेवत होती. आणि हे कुणासाठी करतेस, असं तिला विचारणारं कुणी नव्हतं. माझ्यासाठी निदान मंगळवारी एक मुलगी यायची.

तिचा हात धरावा असं फार वाटलं. मला माफ कर म्हणावं, तू किती चांगली आहेस म्हणावं, एकदा पोटभर दोघींनी रडावं. ते सगळं माझ्यासाठी झालं असतं. मी हात मांडीखाली घेतले.

"पुण्याला जा," मी म्हणाले. "पुढच्या गुरुवारी येऊ नकोस. पुन्हा कधी त्रास झालाच तर तिथं कुणाकडं जायचं ते मी लिहून देते."

"आणि तुम्ही?"

"ते तू नाही बघायचं."

जरा कडकच निघालं ते. तिचे डोळे भरले. पण सात महिन्यांत मी तिला बोललेलं हे पहिलं बरोबर वाक्य होतं, आणि ते मी मऊ केलं नाही. चिठ्ठी लिहून दिली. तिनं ती पर्समध्ये ठेवली, चेन लावली, उठली, आणि दार हळूच ओढून घेतलं.

आमचा जिना लाकडी आहे, उतरणाऱ्याची प्रत्येक पायरी वरपर्यंत ऐकू येते. ती सावकाश उतरत होती. पहिल्या मजल्यावर पावलं थांबली. मी दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक घट्ट धरून बसले होते आणि तोंड मिटून घेतलं होतं. हाक मारली असती, तर ती परत आली असती.